दारापुढचा देव

८ सप्टेंबर, सोमवार

बयाबाई, आधी तुमची सगळ्यांची खुशाली सांग. तुझे गुडघे काय म्हणतात? तेल चोळतेस, की बाटली उशाशी ठेवून नुसती कण्हतेस? निवृत्तीरावांचा खोकला गेला का? बिडी सोडली म्हणून गावभर सांगतात, पण गोठ्यामागे धूर कुणाचा निघतो ते म्हशीला विचार. रविराजची कंबर धरली होती, ती सुटली का? पूजाच्या उलट्या थांबल्या का? तिला काय खावंसं वाटेल ते खाऊ दे, सासूपणा नंतर कर. आणि ती लंगडी शेळी? तिचं नाव काढलं नाही तर तू रुसशील म्हणून विचारते.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या मनाचं ऐकतेस. म्हणून ही वही काढली. रोज थोडं थोडं लिहीन आणि भरली की कांद्याच्या टेम्पोबरोबर सटाण्याला पाठवीन. मी शाळेची पायरी चढले नाही, पोराच्या पाटीवर त्याच्याबरोबरच गिरवलं, तेव्हा चुकलंमाकलं रविराजने सुधारून वाचावं.

तर मी नाशकात पोचले. पितरांच्या पंधरवड्यात कुणी नवं काम धरतं का, असं तू म्हणणारच. अगं, पोट काय पंचांग बघून भुकेलं होतं? सातपूरच्या अलीकडे मुलींचं वसतिगृह आहे, तिथे मी आता वॉर्डन. नाव मोठं, काम राखणीचं. इमारतीत खाली गाड्या, मधल्या दोन मजल्यांवर शिकवण्या आणि तिसऱ्यावर आमच्या पोरी. लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना खोल्या. एका टोकाला जिना आणि जाळीचं चॅनेल गेट. गेटाला लागून पहिली खोली माझी. खाट आहे, पंखा आहे, खिडकीतून कारखान्यांच्या बस दिसतात. करमतं.

पोरी पहिल्याच दिवशी मावशी म्हणायला लागल्या. एकीने चहा आणून दिला, त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा. मी सगळा प्यायले. जीव लागेल असं दिसतंय.

१० सप्टेंबर

मालकांना सगळे शेठ म्हणतात. खंडेराव शेठ. पांढरे बूट, कपाळाला गंध. अक्कल वाटत होते त्या वेळी हा माणूस बहुतेक स्वतःचा फलक रंगवून घेत होता. मला कामं समजावली. दिवेलागणीला गेट बंद करायचं, कुलूप घालायचं, चावी गळ्यात ठेवायची, कुणाच्या हाती द्यायची नाही. आणि सकाळ-संध्याकाळ देवाला दिवा लावायचा.

देवघर बोळाच्या दुसऱ्या टोकाला आहे. संगमरवरी, माणसाच्या उंचीचं, घंटा-बिंटा टांगलेलं. मला पाहून बरं वाटलं. वाकून नमस्कार करायला गेले तर मागे दाराची चौकट दिसली. देवाच्या पाठीशी लोखंडी दार! वर पुसट हिरवी पाटी, त्यावर पळणारा माणूस. म्हटलं, हा माणूस पळून जाणार कुठे, देवाच्या डोक्यावरून? विचारलं तर शेठ म्हणाले, मागचा जिना आहे तो, त्याचा काय उपयोग, मुली गुपचूप उतरतील खाली, आणि ईशान्येला देव असलेला बरा. वास्तुवाल्यानेच सांगितलंय.

भिंतीवर एक लाल नळकांडं आहे, आग विझवायचं. त्याच्यावर पोरी टॉवेल वाळत घालतात. चिठ्ठीवरची तारीख कोरोनाच्याही आधीची. मी शेठना दाखवलं तर म्हणाले, असू द्या हो मावशी, रंग अजून चांगला आहे.

पोरींची तऱ्हा त्याहून वरची. एका बोर्डाला शेगडी, पाणी तापवायची सळई, केस सरळ करायची चिमटी आणि चार मोबाईल, गायीच्या कासेला गोचिड लागावेत तसे. वायर हाताला ऊन लागते. तेजल म्हणून एक आहे, चांदवडची, इंजिनिअरिंग शिकते. मी म्हटलं, बाई, तुझं पुस्तक काय सांगतं? म्हणाली, पुस्तकात हॉस्टेल नाहीये मावशी. हसायलाही आलं आणि पाठीत धपाटाही घालावासा वाटला. मी धपाटाच घातला.

१३ सप्टेंबर

आज पोरींचे आईबाप भेटायला आले होते. सगळ्यांचा एकच प्रश्न, रात्री कुलूप असतं ना? तेजलच्या वडिलांनी तर गेटचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि समाधानाने मिशी पुसली. गोठ्याला असं कुलूप कुणी घालत नाही, बयाबाई. गोठ्याने पेट घेतला तर माणूस विळा घेऊन आधी दावी कापतो. गाय जगावी म्हणून दावं कापणारा हाच बाप, लेकीच्या गळ्यातलं दावं घट्ट आहे ना ते बघायला पन्नास मैलांवरून येतो. मी एकदोघांना म्हटलं, मागचं दार उघडं करायला सांगा शेठना. ते देवघराकडे बघून हात जोडून गेले.

दुपारी एक माणूस आला, गळ्यात पट्टा, त्याला फोटो. आमच्या पोरींतल्या साक्षीच्या हाती लाल नळकांडं दिलं, शेठना शेजारी उभं केलं, फोटो काढला, चहा प्यायला, गेला. हे म्हणे आगीचं प्रशिक्षण. साक्षीने विचारलं, सर, ही पिन कशी काढायची? तो म्हणाला, वेळ आली की निघते.

साक्षी ही सगळ्यांत गरीब गाय. माझ्या दारावर दोन बोटांनी वाजवते, थांबते, मग अजून एकदा, जणू आधीच्या दोन टकटकींची माफी मागतेय. तेजल अख्खा तळवा मारते, धप्प, ढोलावर मारावा तसा. स्नेहा अंगठीने वाजवते. आता दार न उघडता सांगू शकते कोण आलंय ते. कान अजून शाबूत आहेत, तुझ्यासारखे नाहीत.

१६ सप्टेंबर

आज एक गंमत झाली. गंमतच म्हणते. दुपारी सगळ्या पोरी कॉलेजात, बोळ सुनसान. मी देवाची उपकरणी घासत बसले होते तर देवघरामागून कुणीतरी वाजवलं. तळव्याने, पण दमल्यासारखं. मागच्या जिन्यात कुणी अडकलं असेल म्हणून मी हाक मारली. थोड्या वेळाने परत वाजलं.

खाली जाऊन वॉचमन दत्तूला घेऊन मागच्या बाजूने जिना चढले. दत्तू आपल्या सटाण्याकडचाच, बोलताना मध्येच ‘आहे’ला शे म्हणतो, तेवढ्याने माहेरी गेल्यासारखं वाटतं. जिन्यात जुन्या गाद्या, मोडक्या खाटा, रंगाचे डबे. शेठच्या डोक्यातही असंच असणार. वर दाराशी पोचलो. दाराला बाहेरून कडी आणि गंजलेलं कुलूप. माणूस सोड, धुळीवर उंदराचा पाय नव्हता.

आणि आम्ही तिथे उभे असताना वाजलं. आतून, बयाबाई. बोळाच्या बाजूने. देवघर आणि दार यांच्यात हात घालायलाही जागा नाही.

दत्तू खाली पळाला. मी म्हातारी कशी पळणार, मी एकेक गादी ओलांडत उतरले.

१८ सप्टेंबर

शेठना सांगितलं. म्हणाले, पाइपात हवा धरली असेल. म्हणाले, वय झालं की कान वाजतात. या माणसाच्या अंगात देवाने माणुसकी घालायची ठेवली आणि तिथे पावडर भरली.

शेवटी दत्तूने तोंड उघडलं. चार-पाच वर्षांमागे इथे कळवणकडची एक पोर राहायची. एका खोलीत बादलीतलं पाणी आटलं आणि तापलेल्या सळईने पडदा पेटला. आग फार नव्हती, धूर फार. बाकीच्या पोरी गेटाने उतरल्या, ही धुरात वाट चुकून दुसऱ्या टोकाला गेली. तेव्हा तिथे देव नव्हता, दारच होतं, पण बाहेरून कुलूपबंद. तिने पुष्कळ वाजवलं. खालच्या शिकवणीतल्या लोकांना वाटलं, वर बाकडी हलवतायत.

मग शेठनी शांत केली. ब्राह्मण बोलावले, होम केला, आणि पोर जिथे पडली होती तिथे देव बसवला. बयाबाई, पोर दार उघडा म्हणत मेली, आणि यांनी दार उघडायचं सोडून दारापुढे देव आणून ठेवला! देवालाही दरवान करून टाकलं. मी आयुष्यभर दगडाला शेंदूर दिसला की हात जोडणारी बाई, पण काल सांजवात लावताना मला देवाची लाज वाटली, आणि त्याला माझी वाटली असेल.

२१ सप्टेंबर, रविवार

आज सर्वपित्री. ज्यांचं कुणी घालत नाही त्यांचाही घास आज काढतात, म्हणून मी भात, कढी, वडा केला आणि त्या पोरीच्या नावाने पान वाढून देवघराच्या बाजूला ठेवलं. म्हटलं, बाई, जेव आणि मोकळी हो.

संध्याकाळी साक्षीच्या वेण्या घालत होते. ती माझ्यापुढे बसलेली, डोकं माझ्या मांडीशी, हात तिच्या मांडीवर. देवघरामागून आवाज आला. दोन बोटं. थांबली. मग अजून एकदा.

साक्षीचंच वाजवणं, बयाबाई. साक्षी माझ्यापुढे बसलेली.

ती म्हणाली, मावशी, केस ओढताय. तिला काही ऐकू आलं नव्हतं. मग तळवा, धप्प. मग अंगठी. कळवणच्या पोरीचा तो दमलेला तळवा त्यांच्यात कुठेच नव्हता. ती गेली. जेवून गेली. आता जे वाजतंय ते मेलेल्यांचं नाही. ज्यांचं मरण अजून व्हायचं आहे त्यांचं आहे.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. सकाळी देवघर हलवा असं शेठना सांगायचं म्हणून उठले, तर ते माणसं घेऊन हजर. थर्माकोलचं मखर, जरीचे पडदे, रंगीत दिव्यांच्या माळा भिंतीभर, सगळ्या एका काळपटलेल्या बोर्डात खुपसलेल्या. मध्ये घट. बाजूला अखंड दिवा. फोटो.

मी स्पष्ट सांगितलं. आग लागली तर या पोरी मरतील. शेठ हसले. मावशी, नऊ दिवस तुम्हीच तेल घालायचं, विझता कामा नये.

तेजलकडून पालकांच्या ग्रुपवर लिहून घेतलं, मागचं दार उघडून द्या म्हणून. उत्तरं आली. हात जोडलेले, देवीचा फोटो, घटस्थापनेच्या शुभेच्छा. एका बापाने विचारलं, गेटला कुलूप वेळेवर लागतं ना? शिकलेली माणसं ही. शिकून एवढंच जमतं, तर बरंच झालं आपण शाळेची पायरी चढलो नाही.

२४ सप्टेंबर

आज पोरींना गोळा केलं. म्हटलं, चला, आपणच सरकवू, मग दत्तू बाहेरून कुलूप तोडेल. तेजल बाह्या सरसावून पुढे झाली. तेवढ्यात स्नेहा म्हणाली, मावशी, बसलेला घट हलवतात का?

बयाबाई, माझा हात तिथेच थांबला.

घटातलं धान्य उगवायला लागलंय, पिवळे कोंब दिसतात. आईने काय शिकवलं आपल्याला? घट बसला की दसऱ्यापर्यंत जागचा हलत नाही. हलवला तर घर बसतं. पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, बरं. दसऱ्याला उठवू. दसऱ्याला पहिलं काम हेच.

शेठला एवढी नावं ठेवते, आणि माझीच अक्कल त्या मातीच्या ढेकळात पेरलेली निघाली. दसरा काही लांब नाही.

२६ सप्टेंबर

आता सगळ्याच वाजवतात. दुपारी, पोरी कॉलेजात असताना. संध्याकाळी, पोरी खोल्यांत कानांत बोळे घालून बसलेल्या असताना. एकेकीचा हात मी ओळखते. ज्यांना मी वाढते त्यांचे हात.

दिव्यात तेल घालायला जाते तेव्हा संगमरवराला हात टेकवत नाही. पोळतो.

माळांच्या वायरवर ओलं फडकं टाकून आले. मग आठवलं, विजेवर ओलं टाकू नये. काढलं. मला काय करायचं असतं ते कुणी शिकवलंच नाही.

२७ सप्टेंबर

ते देवघरामागून उठलं.

आज माझ्या दारावर वाजवलं. दोन बोटं — थांबून एक. म्हटलं साक्षी लवकर आली, उघडलं. बोळ रिकामा. आणि उंबऱ्यावरून कुणीतरी माझं मनगट धरलं. दिसत काही नाही. हात ऊन, तव्यासारखा. मी झिडकारून दार लावलं. मनगटावर पाच बोटं उठलीत. लाल. हळद लावलीय.

खरी साक्षी दिवेलागणीला आली. हातावर काय झालं विचारत होती. भाकरी करताना लागलं म्हटलं. मी हे सांगितलं तर शेठ मला वेडी ठरवून काढतील, आणि मग दसऱ्याला देवघर कोण हलवणार?

२८ सप्टेंबर

पुन्हा. तेजल. मग स्नेहा. उघडते तर कुणी नाही, फक्त ती ऊब — आत येऊ बघणारी. बोलत काही नाहीत. नुसतं वाजवतात.

आई म्हणायची ना, दिवेलागणीला उंबऱ्यावर कुणी नाव न घेता वाजवलं तर उघडू नये — हाक ऐकू आली तरच कडी काढावी.

आता नाही उघडणार.

२९ सप्टेंबर

स्नेहा चिडली. कढी मागायला आली होती म्हणे, किती वेळ वाजवत होती. मी आत बसून ऐकत होते. कशी उघडू? दोन्ही सारखंच वाजतं. जीभ उचलून एकदा मावशी म्हणाली असती तर — पण तिला तसं सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागेल —

दत्तू गावी गेलाय. शेठने दुसरा कुणी ठेवला नाही. अखंड दिव्याला तेल घालायला मात्र माणूस हवा!

घट हिरवागार झालाय. दसरा जवळ आला.

३० सप्टेंबर

अष्टमी. पोरी कालिकेच्या जत्रेला गेल्या होत्या, हसतखिदळत परतल्या. सगळ्या आत आल्या. गेट लावलं. चावी गळ्यात आहे.

तेल घालून आले. मखराचा पडदा सरळ केला. एक माळ चुरचुरत होती. बंद करायला गेले तर शेठचा फोन, अष्टमीला अंधार नको —

वाजतंय.

नको बघायला. लिहीत बसते. पूजाला सातव्यात ओटी भर. निवृत्तीरावांना म्हणावं —

साक्षी. तेजलचा तळवा. आज एकेक नाहीत, सगळ्या एकदम. इतकं कधी वाजवलं नव्हतं. दार हलतंय. मी नाही उघडणार बाई, तुम्ही माझ्या पोरी नाही, माझ्या पोरी जेवायला बसल्यात —

लाइट गेली. मोबाईलच्या उजेडात लिहिते. कापराचा वास येतोय. नाही, कापूर नाही, काहीतरी कडू. डोळे चुरचुरतात.

बाहेर कुणीतरी खोकतंय. हे आधी नव्हतं.

बयाबाई, मला इथून घेऊन जा. रविराजला पाठव. लवकर लिही, दोन ओळी तरी लिही, लवकर —

हाक आली. घोगरी, पण — मावशी म्हणाली. मावशी, चावी —

या तर कधी बोलत नव्